खेळयंत्रांची पूर्वसुसंगतता

नव्या पिढीच्या व्हिडिओ खेळयंत्रावर त्याच उत्पादकाच्या आधीच्या पिढीतील यंत्रांसाठी बनविलेले खेळ चालू शकण्याच्या गुणधर्माला पूर्वसुसंगतता म्हणतात. दूरचित्रवाणी संचाला जोडून किंवा हातात धरून व्हिडिओ गेम खेळण्यासाठी खास बनविलेला संगणक म्हणजे खेळयंत्र (गेम कन्सोल) होय. अशा यंत्रांची नवी पिढी साधारणपणे पाच ते आठ वर्षांनी बाजारात येते. त्यानंतर काही वर्षांत जुन्या यंत्राचे उत्पादन थांबते व त्याचे सुटे भाग दुर्मिळ होतात. जुने खेळ नव्या यंत्रावर चालत नसतील, तर त्यांच्या चकत्या व कार्ट्रिज शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात. छापील पुस्तक वाचण्यास दृष्टी व भाषेचे ज्ञान पुरते; व्हिडिओ गेम मात्र यंत्रावाचून प्रत्यक्षात येऊच शकत नाही. त्यामुळे पूर्वसुसंगतता हा ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न आहे, तसाच तो एका नव्या कलाप्रकाराच्या जतनाचाही प्रश्न आहे.

नवे यंत्र जुन्याच्या अनेक पट शक्तिमान असते, म्हणून ते जुने खेळ सहज चालवू शकेल, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सुसंगतता ही यंत्राच्या शक्तीपेक्षा त्याच्या रचनेतील सातत्यावर, उत्पादकाने पत्करलेल्या खर्चावर आणि खेळाच्या हक्कधारकांच्या संमतीवर अधिक अवलंबून असते. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रचारात आलेल्या तीन प्रमुख यंत्रांच्या (सोनीचे प्लेस्टेशन ५, मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स सिरीज एक्स व सिरीज एस ही यंत्रे आणि निन्टेन्डोचे स्विच २) तुलनेवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

तांत्रिक अडचणी : खेळाची आज्ञावली प्रक्रियकाच्या विशिष्ट आज्ञासंचात लिहिलेली असते. आज्ञासंच बदलला की, नव्या प्रक्रियकाच्या दृष्टीने जुनी आज्ञावली परक्या भाषेतील मजकुरासारखी ठरते. शिवाय खेळाचा संबंध एकट्या मुख्य प्रक्रियकाशी येत नाही. चित्रे रेखाटणारा चित्रप्रक्रियक, ध्वनिमंडल, स्मृतीची मांडणी व नियंत्रक या सर्वांची वैशिष्ट्ये गृहीत धरून खेळ बांधलेला असतो. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम (१९८३) आणि सुपर फॅमिकॉम (१९९०) या यंत्रांचे प्रक्रियक एकाच कुळातील होते. परंतु त्यांची चित्रमंडले व कार्ट्रिज भिन्न असल्यामुळे पहिल्याचे खेळ दुसऱ्यावर चालत नसत.

दुसरी अडचण कालमापनाची आहे. जुन्या खेळांत अनेकदा यंत्राचा वेग हाच खेळाचे घड्याळ असे. टायटो या जपानी कंपनीच्या स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) या खेळगृहांतील प्रसिद्ध खेळात शत्रूंची संख्या घटत जाते तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. प्रक्रियकाला कमी आकृत्या रेखाटाव्या लागत असल्याने हा परिणाम आपोआप उद्‌भवला होता आणि पुढे तोच त्या खेळाचा आकर्षणबिंदू ठरला. असा खेळ शीघ्रगती यंत्रावर जसाच्या तसा चालविल्यास तो निराळाच खेळ होईल. ही अडचण जुन्या काळापुरती मर्यादित नाही. डार्क सोल्स २ (२०१४) या खेळाच्या वैयक्तिक संगणकावरील आवृत्तीत सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रचौकटी दिसत. मात्र काही हिशेब चौकटींच्या संख्येला जोडलेले असल्यामुळे खेळाडूच्या शस्त्रांची झीजही दुप्पट वेगाने होत असे. यावरून ‘जलद’ आणि ‘बरोबर’ या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे ध्यानात येते.

सुसंगतता साधण्याच्या पद्धती : प्रचलित पद्धतींचे चार वर्ग पडतात.

(१) जुने मंडल नव्या यंत्रात बसविणे : ही सर्वांत खात्रीची पद्धत होय. अटारी ७८०० या यंत्रात (१९८६) अटारी २६०० चे चित्र व ध्वनी निर्माण करणारे मंडल समाविष्ट केलेले होते. सेगाच्या मेगा ड्राइव्ह (१९८८) यंत्रात आधीच्या मास्टर सिस्टिम यंत्राचा झेड८० हा प्रक्रियक ध्वनिनियंत्रणासाठी ठेवलेला होता. एक जोडणी-साधन लावले की, तोच मुख्य प्रक्रियकाची भूमिका घेऊन जुने खेळ चालवीत असे. सोनीने हीच युक्ती प्लेस्टेशन २ (२०००) मध्ये वापरली. पहिल्या प्लेस्टेशनचा मुख्य प्रक्रियक त्यात एरवी आदान-प्रदानाचे काम करीत असे आणि जुनी चकती घातल्यावर मूळ कामावर रुजू होत असे. जुना भाग नव्या यंत्राच्याही उपयोगी पडत असल्याने त्याचा खर्च वाया जात नसे. प्लेस्टेशन २ ची विक्री १५ कोटींहून अधिक झाली. उपलब्ध खेळांचा मोठा साठा पहिल्या दिवसापासून हाताशी असणे, ही या यंत्राची जमेची बाजू होती.

या पद्धतीची मर्यादा प्लेस्टेशन ३ (२००६) मध्ये दिसून आली. जपान व अमेरिकेतील त्याच्या पहिल्या यंत्रांत प्लेस्टेशन २ चे मुख्य व चित्रविषयक असे दोन्ही प्रक्रियक बसविलेले होते. नव्या यंत्राला त्यांचा अन्य उपयोग नव्हता व यंत्र आधीच महाग होते. २००७ मध्ये यूरोपात आलेल्या यंत्रातून मुख्य प्रक्रियक वगळून त्याचे काम अंशतः आज्ञावलीकडे सोपविण्यात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या स्वस्त यंत्रात प्लेस्टेशन २ चे खेळ चालविण्याची सोय पूर्णपणे काढून टाकण्यात आली.

(२) रचनेचे सातत्य राखणे : नवा प्रक्रियक जुन्याचाच विस्तार असेल, तर वेगळ्या मंडलाची गरज पडत नाही. निन्टेन्डोच्या वी (२००६) यंत्राचा प्रक्रियक गेमक्यूबच्या (२००१) प्रक्रियकाचीच वेगवान आवृत्ती होता. गेमक्यूबचा खेळ सुरू केल्यावर त्याची कंप्रता ७२९ मेगॅहर्ट्‌झवरून जुन्या यंत्राच्या पातळीवर, म्हणजे सु. ४८५ मेगॅहर्ट्‌झवर, आणली जाई. वी यू (२०१२) यंत्रानेही हीच परंपरा पुढे चालवून वीचे खेळ स्वीकारले. या पद्धतीत सुसंगतता स्वस्त पडते. परंतु अभिकल्पकाला जुन्या रचनेच्या चौकटीत राहावे लागते.

(३) अनुकरण : जुन्या यंत्राचे वर्तन आज्ञावलीच्या साहाय्याने हुबेहूब घडवून आणण्याच्या क्रियेला अनुकरण व त्या आज्ञावलीला अनुकारक (इम्युलेटर) म्हणतात. ही कल्पना खेळयंत्रांपेक्षा जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा आपल्या १४०१ या जुन्या संगणकाच्या आज्ञावल्या तीवर चालाव्यात, अशी व्यवस्था केली होती [⟶ संगणक]. अनुकारक जुन्या आज्ञांचे नव्या आज्ञासंचात भाषांतर करतो. एकेका आज्ञेचे भाषांतर प्रत्येक वेळी नव्याने केल्यास फार वेळ जातो, म्हणून आज्ञांचे गट एकदाच भाषांतरित करून साठविले जातात. जुन्या एका आज्ञेसाठी नव्या अनेक आज्ञा खर्ची पडत असल्याने अनुकरण करणारे यंत्र मूळ यंत्रापेक्षा बरेच शक्तिमान असावे लागते.

प्लेस्टेशन ३ चा सेल हा प्रक्रियक या दृष्टीने विशेष कठीण आहे. त्यात एक सर्वसाधारण गाभा व त्याच्या जोडीला आठ विशेष गणनघटक होते; त्यांपैकी सात या यंत्रात कार्यान्वित असत. ३.२ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या या घटकांना स्वतःची छोटी स्मृती होती व त्यांच्यात माहितीची ने-आण करण्याचे काम खेळ लिहिणाऱ्यालाच करावे लागे. प्लेस्टेशन ४ चे (२०१३) आठ गाभे १.६ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालत व त्यांची जातकुळी वैयक्तिक संगणकाची होती. नव्या यंत्राची चित्रक्षमता पुष्कळ अधिक असूनही प्लेस्टेशन ३ च्या चकत्या त्यावर चालू शकल्या नाहीत, याचे हे मुख्य कारण होय.

(४) दूरस्थ प्रक्षेपण : यात खेळ उत्पादकाच्या केंद्रातील यंत्रावर चालतो व त्याचे केवळ चित्र आणि ध्वनी आंतरजालाद्वारे (इंटरनेटद्वारे) घरी येतात. सोनीने प्लेस्टेशन ३ च्या खेळांसाठी हा मार्ग पत्करला. यात सुसंगततेचा प्रश्न सुटतो. परंतु खेळाडूची आज्ञा केंद्रापर्यंत जाऊन चित्र परत येईपर्यंत लागणारा विलंब टाळता येत नाही व सेवा बंद झाली की, खेळही संपतो.

प्लेस्टेशन ५ : नोव्हेंबर २०२० मध्ये विक्रीस आलेल्या या यंत्रात (भारतात २ फेब्रुवारी २०२१) दुसऱ्या पद्धतीचा अवलंब केलेला आहे. त्याचा आठ गाभ्यांचा प्रक्रियक ३.५ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेपर्यंत चालतो व तो प्लेस्टेशन ४ च्याच आज्ञासंचाचा आहे. चित्रप्रक्रियकातील गणनघटकांची संख्याही अर्थपूर्ण आहे. प्लेस्टेशन ४ मध्ये असे १८ घटक होते, प्लेस्टेशन ४ प्रो (२०१६) मध्ये ३६ आणि प्लेस्टेशन ५ मध्येही ३६ च ठेवण्यात आले. क्षमतेतील वाढ मुख्यतः कंप्रता ०.९११ वरून २.२३ गिगॅहर्ट्‌झपर्यंत नेऊन व घटकांची अंतर्गत रचना सुधारून साधलेली आहे. त्यामुळे चित्रप्रक्रियकाला दोन्ही जुन्या यंत्रांप्रमाणे वागणे शक्य होते.

परिणामतः प्लेस्टेशन ४ चे चार हजारांहून अधिक खेळ जवळजवळ सर्वच्या सर्व या यंत्रावर चालतात. विक्री सुरू होण्यापूर्वी सोनीने न चालणाऱ्या खेळांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत केवळ दहा नावे होती. मात्र ही रुंदी एकाच पिढीपुरती आहे. पहिल्या तीन प्लेस्टेशन यंत्रांच्या चकत्या हे यंत्र स्वीकारत नाही. पहिल्या दोन यंत्रांचे निवडक खेळ अनुकारकासह पुन्हा विक्रीस किंवा वर्गणीदारांसाठी उपलब्ध करण्यात आले आहेत; प्लेस्टेशन ३ च्या खेळांसाठी दूरस्थ प्रक्षेपणाचाच आधार घ्यावा लागतो.

एक्सबॉक्स सिरीज एक्स व सिरीज एस : १० नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस आलेली ही यंत्रे सुसंगततेची खोली वाढविण्यावर भर देतात. त्यांवर एक्सबॉक्स (२००१), एक्सबॉक्स ३६० (२००५) व एक्सबॉक्स वन (२०१३) या तिन्ही पिढ्यांतील खेळ चालतात. या परंपरेचा प्रवास सरळ नाही. पहिल्या एक्सबॉक्समध्ये इंटेलचा ७३३ मेगॅहर्ट्‌झचा प्रक्रियक होता, तर एक्सबॉक्स ३६० मध्ये पॉवरपीसी जातीचा तीन गाभ्यांचा. त्यामुळे एक्सबॉक्स ३६० वर जुने खेळ अनुकरणाने चालवावे लागले व २००७ मध्ये ते काम थांबले तोपर्यंत चारशेंहून अधिक खेळांची सोय झाली होती. एक्सबॉक्स वन यंत्रात आज्ञासंच पुन्हा बदलला आणि प्रारंभी त्यावर आधीचा एकही खेळ चालत नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या १०४ खेळांसह अनुकरणाची सोय सुरू झाली. २०१७ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सच्या १३ खेळांची भर पडली.

एक्सबॉक्स वनचा प्रत्येक खेळ स्वतःच्या परिचालन प्रणालीसह एका आभासी यंत्रात चालत असे. ही व्यवस्था पुढील पिढीत उपकारक ठरली. कारण खेळाला ज्या वातावरणाची अपेक्षा असते ते त्याच्याबरोबरच नव्या यंत्रात आणता येते. किनेक्ट या हालचाली टिपणाऱ्या उपकरणावाचून न चालणारे खेळ सोडल्यास एक्सबॉक्स वनचे जवळजवळ सर्व खेळ नव्या यंत्रांवर चालतात. त्याआधीच्या दोन पिढ्यांचे मात्र तसे नाही. त्यांतील प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे तपासून, अनुकारकासह नव्याने बांधून व हक्कधारकाची संमती घेऊन उपलब्ध करावा लागतो. खेळाडूने जुनी चकती यंत्रात घातली, तरी तिच्यावरील आज्ञावली वापरली जात नाही. चकती केवळ मालकीचा पुरावा ठरते आणि खेळाची नवी बांधणी आंतरजालावरून उतरवून घेतली जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सत्तरहून अधिक खेळांची अखेरची भर घालून मायक्रोसॉफ्टने ही यादी बंद केली व त्याचे कारण म्हणून परवाने, कायदा आणि तंत्र यांतील मर्यादा सांगितल्या. तोवर एक्सबॉक्स ३६० चे सहाशेंहून अधिक व पहिल्या एक्सबॉक्सचे साठांहून अधिक खेळ तीत आले होते.

स्विच २ : ५ जून २०२५ रोजी आलेल्या या यंत्रात तिसरा, मधला मार्ग आढळतो. मूळ स्विच (२०१७) व स्विच २ या दोहोंचे प्रक्रियक एनव्हिडिया कंपनीचे असून मुख्य प्रक्रियकांची जातकुळी एकच आहे. परंतु चित्रप्रक्रियकांच्या रचनेत अनेक पिढ्यांचे अंतर आहे. स्विचच्या खेळांतील चित्ररेखाटनाच्या आज्ञा जुन्या चित्रप्रक्रियकासाठी आधीच संकलित केलेल्या असतात. त्यामुळे त्या नव्यावर थेट चालू शकत नाहीत. यासाठी खेळ चालू असतानाच या आज्ञांचे भाषांतर केले जाते. जुने मंडल बसविणे व संपूर्ण अनुकरण करणे या दोन टोकांच्या मधली ही पद्धत होय. बहुसंख्य खेळ त्यामुळे चालतात आणि ज्यांत अडचणी आहेत त्यांच्या याद्या निन्टेन्डोने प्रसिद्ध केल्या आहेत. काही अडथळे प्रक्रियकाशी संबंधित नसून यंत्राच्या आकाराशी व नियंत्रकांशी निगडित आहेत. नव्या नियंत्रकांत अवरक्त कॅमेरा नसल्याने त्यावर आधारलेल्या खेळांसाठी जुने नियंत्रक जोडावे लागतात; पुठ्ठ्याच्या चौकटीत यंत्र बसवून खेळायचा लॅबो मालिकेतील आभासी वास्तवाचा संच नव्या यंत्राच्या आकारामुळे वापरता येत नाही.

कामगिरीची तुलना : जुना खेळ नव्या यंत्रावर किती चांगला चालतो, हे प्रामुख्याने तीन गोष्टींवरून ठरविता येते : चित्राची सुस्पष्टता, दर सेकंदास दिसणाऱ्या चौकटींची संख्या आणि खेळ सुरू होण्यास लागणारा वेळ.

सुस्पष्टतेच्या बाबतीत एक्सबॉक्स सिरीज एक्स आघाडीवर आहे. पहिल्या एक्सबॉक्सच्या ६४० × ४८० चित्रबिंदूंच्या खेळातील चित्र प्रत्येक दिशेने चौपट करून ते २,५६० × १,९२० चित्रबिंदूंत नव्याने रेखाटले जाते व त्यासाठी मूळ आज्ञावलीत बदल करावा लागत नाही. सिरीज एसची स्मृती (१० गिगॅबाइट) एक्सबॉक्स वन एक्सच्या स्मृतीपेक्षा (१२ गिगॅबाइट) कमी आहे. म्हणून सिरीज एस हे एक्सबॉक्स वनच्या खेळांची वन एक्ससाठी सुधारलेली आवृत्ती न चालविता साधी आवृत्ती चालविते. एकाच पिढीतील दोन यंत्रांवर एकच जुना खेळ असा वेगवेगळा दिसतो.

चौकटींच्या संख्येबाबत मूळ खेळातील मर्यादा निर्णायक ठरते. जुन्या यंत्राची शक्ती अपुरी पडल्यामुळे जो खेळ अडखळत असे, तो तिन्ही नव्या यंत्रांवर सुरळीत चालतो. परंतु निर्मात्यानेच सेकंदाला ३० चौकटींचे बंधन घातले असेल, तर ते शक्तीने तुटत नाही. ब्लडबोर्न (२०१५) हा प्लेस्टेशन ४ चा नावाजलेला खेळ प्लेस्टेशन ५ वरही ३० चौकटींनीच चालतो. याउलट गॉड ऑफ वॉर (२०१८) या खेळाला निर्मात्यांनी २०२१ मध्ये दिलेल्या सुधारणेमुळे तो ६० चौकटींनी चालू लागला. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये फार क्राय ४, वॉच डॉग्ज २ इ. निवडक खेळांतील हे बंधन मूळ आज्ञावलीला हात न लावता यंत्राच्या पातळीवर सैल केले. निन्टेन्डोने पोकेमॉन स्कार्लेट व व्हायोलेट (२०२२) यांसारख्या खेळांना विनामूल्य सुधारणा दिल्या. झेल्डा मालिकेतील खेळांच्या सुधारित आवृत्तीसाठी मात्र वेगळे शुल्क आकारले.

तिसऱ्या बाबतीत सर्वच नव्या यंत्रांचा लाभ मोठा आहे. फिरत्या तबकड्यांच्या साठवणाऐवजी घन-अवस्था साठवण आल्याने माहिती वाचण्याचा वेग प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला ५.५ व सिरीज एक्समध्ये २.४ गिगॅबाइट झाला. जुन्या खेळांचा प्रतीक्षाकाळ त्यामुळे पुष्कळ घटतो. तथापि तो या आकड्यांच्या प्रमाणात घटत नाही. कारण जुना खेळ संक्षेपित माहिती आपल्या पूर्वीच्या पद्धतीनेच उलगडत असतो.

मालकी, कायदा व जतन : तांत्रिक अडचणी सुटल्या, तरी जुना खेळ उपलब्ध होतोच असे नाही. खेळातील संगीत, मोटारगाड्यांची नावे, खेळाडूंच्या प्रतिमा इत्यादींचे परवाने मुदतीचे असतात. फोर्झा होरायझन ३ (२०१६) हा मोटारशर्यतीचा खेळ २०२० मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आला, तो याच प्रकारच्या कारणाने. चकती नसलेल्या खेळांची स्थिती अधिक नाजूक आहे. वी यंत्राचे आंतरजालीय दुकान २०१९ मध्ये, वी यू व ३डीएस यांची दुकाने मार्च २०२३ मध्ये आणि एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये बंद झाले. सिरीज एससारख्या चकतीचा मार्ग नसलेल्या यंत्रावर ग्राहकाच्या संग्रहातील जुन्या चकत्यांचा उपयोग होत नाही. स्विच २ च्या काही कार्ट्रिजांत तर खेळ नसतोच, केवळ तो उतरवून घेण्याची किल्ली असते. अशी कार्ट्रिज पुढे कितपत उपयोगी पडतील, हे उत्पादकाचे केंद्र चालू राहण्यावर अवलंबून आहे.

उत्पादकांखेरीज इतरांनीही या क्षेत्रात मोठे काम केले आहे. भारतात १९९० नंतरच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला सर्वत्र विकल्या जात. अनेक भारतीयांना निन्टेन्डोचे खेळ त्यांतूनच परिचित झाले. हौशी तंत्रज्ञांनी लिहिलेल्या अनुकारकांमुळे गेमक्यूब व प्लेस्टेशन ३ यांचे पुष्कळ खेळ वैयक्तिक संगणकांवर चालू शकतात. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० मध्ये असा निर्णय दिला की, अनुकारक तयार करण्यासाठी मूळ यंत्राच्या आज्ञावलीचे विश्लेषण करणे हा न्याय्य वापर होय. तथापि खेळांवरील कुलूपे तोडण्यास कायद्याने मनाई आहे. निन्टेन्डोने युझू या स्विचच्या अनुकारकाविरुद्ध २०२४ मध्ये दावा दाखल केला व २४ लाख डॉलरच्या तडजोडीनंतर तो अनुकारक बंद झाला.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ विक्रीस उपलब्ध नाहीत. अप्राप्य खेळ संशोधकांना ग्रंथालयांनी दूरस्थपणे उपलब्ध करून द्यावेत, अशी सवलत मागण्यात आली होती. ती अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

मूल्यमापन : तीन यंत्रांपैकी प्लेस्टेशन ५ ने नजीकच्या एका पिढीशी जवळजवळ पूर्ण सुसंगतता साधली आहे. एक्सबॉक्सने तीन पिढ्यांपर्यंत मजल मारली. परंतु त्यांतील जुन्या दोन पिढ्यांचा निवडक भागच वाचला. स्विच २ ने भिन्न रचनेचा अडसर भाषांतराने ओलांडला. वी, वी यू किंवा ३डीएसच्या मूळ चकत्या व कार्ट्रिज मात्र त्यावर चालत नाहीत. प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स यांनी वैयक्तिक संगणकाच्या कुळातील रचना स्वीकारल्यामुळे २०१३ नंतरचे त्यांचे खेळ पुढील पिढ्यांत टिकण्याची शक्यता बरीच वाढली आहे. धोका आहे तो त्यापूर्वीच्या खेळांना. त्यांची मूळ यंत्रे जुनी होत चालली आहेत. त्यांच्या रचनेची सविस्तर माहिती नोंदवून ठेवणे, अनुकारकांना कायद्याचे संरक्षण मिळणे आणि ग्रंथालये व संग्रहालये यांना ते खेळ चालत्या स्थितीत जपण्याची मुभा असणे, या गोष्टी त्यांच्या बाबतीत नव्या यंत्रांच्या शक्तीपेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात.